एकशे सहासष्ट खुर्च्या

२६ मार्च १९०२ या दिवशी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. वय ३५, अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. तिजोरीत शिल्लक पडली म्हणून सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. गोखल्यांनी एकेक आकडा मांडून दाखवले, की ही शिल्लक भरभराटीची नाही, रयतेवर गरजेपेक्षा जास्त कर बसवल्याची आहे. लष्करी खर्चावर त्यांनी तेव्हाच बोट ठेवले आणि पुढची कित्येक वर्षे ते काढले नाही. हे भाषण आपल्याकडे अभिमानाने आठवले जाते. सांगायचे राहते ते एवढेच, की भाषणानंतर मतदान झाले नाही. होऊच शकत नव्हते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलायची मुभा होती, त्यातला एक रुपया कमी करा असा ठराव मांडायची नव्हती. प्रश्न विचारता येई, पण मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे.

पुढे १९१९ च्या कायद्याने केंद्रीय विधिमंडळात निवडून आलेल्यांचे बहुमत झाले. तरीही संरक्षणाचा खर्च मतदानाबाहेरच ठेवला गेला, आणि इंग्रज जाईपर्यंत तो बाहेरच राहिला. शाळा, रस्ते, टपाल यांवर मत द्या. सैन्यावर बोला हवे तर, पण हात लावू नका. मधल्या काळात, १९०५ साली, सैन्याचा कारभार कुणाच्या देखरेखीखाली असावा यावरून खुद्द कर्झन आणि सरसेनापती किचनर यांच्यात जुंपली. लंडनने किचनरच्या बाजूने कौल दिला आणि कर्झनने राजीनामा दिला. जिथे व्हाइसरॉयचे चालले नाही, तिथे कायदेमंडळातल्या मूठभर हिंदी सभासदांची काय कथा.

लष्करी सत्तेखाली कायदेमंडळ स्वतंत्र असू शकते का, या प्रश्नाकडे मी गोखल्यांच्या त्या बाकावरून पाहतो. सभागृहात बोलू देतात की नाही, ही कसोटी अपुरी आहे. कर्झनच्या सभागृहातही बोलू देत होते. बंदूक ज्याच्या हातात आहे त्याला जाब विचारता येतो का, त्याचा पैसा अडवता येतो का, आणि तो चिडला तर सभागृह दुसऱ्या दिवशी भरते का, हे मला पाहायचे असते. या कसोटीला जे उतरत नाही त्या सभागृहात हुशार माणसे असतील, ती चांगले कायदेही करतील, पण त्यांना मिळालेली असते ती सवलत. सवलत देणारा ती केव्हाही परत घेतो.

हे सगळे ज्या एका देशात आपल्या डोळ्यांदेखत घडले, तो आपला शेजारी म्यानमार, म्हणजे जुना ब्रह्मदेश. १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. टिळकांना ज्या मंडालेला सहा वर्षे ठेवले, तिथला तो तुरुंग जुन्या राजवाड्याच्या तटबंदीच्या आत होता. इंग्रजांनी राजवाड्याची छावणी केली आणि आजही तटाच्या आतला बराचसा भाग सैन्याच्याच ताब्यात आहे. तटाबाहेर वर्षानुवर्षे मोठा फलक होता: लष्कर आणि जनता यांनी मिळून संघराज्याला अपाय करणाऱ्या सर्वांना चिरडून टाकावे. राजा गेला, इंग्रज गेले, तटाच्या आत छावणी राहिली. म्यानमारच्या संसदेची कहाणीही याहून फार वेगळी नाही.

मे १९९० मध्ये तिथे निवडणूक झाली. आंग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. ती संसद एक दिवसही भरली नाही. लष्कराने सांगितले, आधी राज्यघटना हवी. ती घटना बनायला १९९३ पासून पंधरा वर्षे लागली. २ मे २००८ च्या रात्री नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळले. मृत आणि बेपत्ता मिळून सव्वा लाखाहून अधिक माणसे गेली. प्रेते अजून पाण्यात तरंगत असताना, १० मे रोजी, बहुतेक देशात घटनेवर सार्वमत उरकण्यात आले. वादळाच्या पट्ट्यात ते दोन आठवडे उशिरा घेतले. सरकारी निकाल: ९२ टक्क्यांहून जास्त लोकांचा होकार.

ही घटना बारकाईने वाचण्यासारखी आहे, कारण ती अडाण्यांनी लिहिलेली नाही. संसदेच्या दोन सभागृहांत मिळून ६६४ जागा. त्यांतल्या १६६, म्हणजे बरोबर पाव, सरसेनापतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या. हे अधिकारी गणवेशातच सभागृहात बसत, आणि सरसेनापतीच्या मनात येईल तेव्हा एकाला काढून दुसऱ्याला बसवले जाई. घटना बदलायची तर ७५ टक्क्यांहून अधिक मते हवीत. आता हिशेब करा. ६६४ चे ७५ टक्के ४९८. त्याहून अधिक म्हणजे किमान ४९९. आणि लोकांनी निवडलेल्या जागा किती? ४९८. देशातला प्रत्येक मतदारसंघ एका विचाराचा झाला, प्रत्येक लोकप्रतिनिधी हजर राहिला, एकही फुटला नाही, तरी एक मत कमी पडते, आणि ते मत गणवेशात बसलेले असते.

कुलपे आणखीही आहेत. संरक्षण, गृह आणि सीमा या तीन खात्यांचे मंत्री सरसेनापती सुचवेल तेच. सैन्याचा सगळा अंतर्गत कारभार आणि न्यायनिवाडा सैन्याचाच. राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षा परिषदेच्या ११ सदस्यांत बहुमत लष्कराचे. उपराष्ट्राध्यक्ष होण्यासाठी तीन गट तीन नावे देतात आणि त्यांतला एक गट लष्करी सदस्यांचा, म्हणजे शिखरावर एक माणूस कायम त्यांचा. देशाच्या राजकीय नेतृत्वात सैन्याने सहभागी व्हावे, हे तर घटनेच्या मूलतत्त्वांतच लिहिलेले. शिवाय सैन्याला संसदेने दिलेल्या पैशावर जगावेच लागत नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१९ मध्ये सांगितले, की लष्कराच्या दोन महामंडळांकडे किमान १२० उद्योग आहेत. बँका, खाणी, बिअर, सिगारेट, बंदरे. संसदेने एखाद्या वर्षी हिंमत करून लष्कराचे अनुदान अडवले असते, तरी त्याचा हिशेब दुसऱ्या वहीत चालूच राहिला असता. १६८९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या संमतीशिवाय शांततेच्या काळात खडे सैन्य बेकायदा ठरवले, ते याच वहीसाठी. पैशाची वही दुसऱ्याच्या हातात असेल तर सभागृहाच्या ठरावाला सैन्याने का म्हणून भ्यावे?

आता मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. ते वजनदार आहे आणि एके काळी मलाही ते पटले होते.

३१ जानेवारी २०११ रोजी नेपिडॉला ही संसद पहिल्यांदा भरली तेव्हा बहुतेकांनी तिला बाहुली मानले. पण ती बाहुलीसारखी वागली नाही. सभापती श्वे मान, स्वतः माजी जनरल, यांनी समित्यांना कामाला लावले. घटना न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये संसदेच्या समित्यांचे अधिकार आखडते घेणारा निकाल दिला, तेव्हा संसदेने न्यायाधीशांवर महाभियोगाची कारवाई सुरू केली आणि सर्व नऊ न्यायाधीशांनी राजीनामे दिले. शेतजमिनी बळकावल्याच्या हजारो तक्रारी आल्या. त्यांसाठी संसदेने चौकशी आयोग नेमला आणि त्या तक्रारींत लष्कराने घेतलेल्या जमिनीही होत्या. पन्नास वर्षांत जे शब्द घरात दबक्या आवाजात बोलले जात, ते सभागृहात मोठ्याने बोलले गेले. एप्रिल २०१२ च्या पोटनिवडणुकांत सू ची यांच्या पक्षाने ४५ पैकी ४३ जागा जिंकल्या. राजधानी नेपिडॉ, जिथे राहतात ते मुख्यतः सरकारी नोकर आणि सैनिकांची कुटुंबे, तिथल्या चारही जागा त्यांत होत्या.

त्यामुळे, संसदेत शिरा, जागा व्यापा, सवय लावा, हळूहळू लष्कर मागे सरेल, असे म्हणणारे भोळे नव्हते. त्यांच्यासमोर इंडोनेशिया होता. सुहार्तोंच्या राजवटीत तिथल्या ५०० जणांच्या सभागृहात १०० जागा सैन्याच्या होत्या. म्यानमारच्या जनरलांनी आपले पाव मोजमाप घेताना नजर तिकडेच ठेवली होती. त्या १०० च्या ७५ झाल्या, १९९९ मध्ये ३८ झाल्या, आणि २००४ मध्ये एकही उरली नाही. गोळी न चालता सैन्य सभागृहातून उठून गेले. मग म्यानमारमध्ये हेच का घडू नये?

कारण इंडोनेशियात सैन्याजवळ खुर्च्या होत्या, कुलूप नव्हते. घटनादुरुस्तीवर त्यांना एकट्याने नकार देता येत नव्हता. आणि मे १९९८ मध्ये आर्थिक पडझडीत सुहार्तो पायउतार झाले, रस्ते विद्यार्थ्यांनी भरले, पुढच्या वर्षी पूर्व तिमोरमधल्या हिंसाचाराने सैन्याची जगभर नाचक्की झाली. दुबळ्या झालेल्या सैन्याला मागे सरावे लागले. सभागृहाने समजूत घातली म्हणून ते सरले नाही. म्यानमारच्या जनरलांनी हा धडा सुहार्तोंच्या शिष्यांहून नीट शिकला होता. त्यांनी दुबळे होण्याची वाट पाहिलीच नाही. ताकद पुरेपूर असताना स्वतःच्या हाताने दार किलकिले केले, आणि कडी आतून आपल्याकडे ठेवली.

ही कडी प्रत्येक महत्त्वाच्या वेळी वाजली. जून २०१५ मध्ये ७५ ची अट ७० टक्क्यांवर आणण्याची सूचना मतास टाकली. स्पष्ट बहुमत बाजूने, तरी ती पडली. दोन महिन्यांनी श्वे मान यांना त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षपदावरून रातोरात दूर करण्यात आले, आणि तेव्हा पक्षाच्या कार्यालयाला सुरक्षा दलांचा वेढा होता. पक्षांतर्गत वाद कुठल्याही लोकशाहीत होतात. पण सभापतीचे भवितव्य ठरत असताना फाटकावर शिपाई उभे असतील, तर त्या सभागृहाच्या स्वातंत्र्याविषयी आणखी काय पुरावा हवा?

नोव्हेंबर २०१५ मध्ये सू ची यांचा पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला. परदेशी नागरिकत्वाची मुले असलेल्या व्यक्तीला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, हे कलम घटनेत होतेच. त्यावर तोड काढली को नी नावाच्या वकिलाने. घटनेला न शिवता साध्या कायद्याने ‘राज्य समुपदेशक’ असे नवे पद निर्माण करायचे, ही कल्पना त्यांची मानली जाते. एप्रिल २०१६ मध्ये ते विधेयक आले तेव्हा गणवेशातले सदस्य निषेध म्हणून जागच्या जागी उभे राहिले. तरीही कायदा झाला. साध्या बहुमताने काय काय करता येते हे त्या दिवशी दिसले. को नी मात्र तेवढ्यावर थांबणारे नव्हते. ते नव्या घटनेच्या खटपटीत होते. २९ जानेवारी २०१७ ला यांगूनच्या विमानतळाबाहेर, आपल्या लहानग्या नातवाला कडेवर घेऊन उभे असताना, त्यांच्या डोक्यात गोळी घातली गेली. मारेकऱ्याच्या मागे धावलेला एक टॅक्सीचालकही मारला गेला. ज्यांच्यावर खटला चालला त्यांत माजी लष्करी अधिकारी होते.

इथवरची गोष्ट लष्कराच्या अपराधांची झाली. पुढची गोष्ट सांगताना मला जास्त त्रास होतो.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर राखाइन प्रांतात सैन्याने जे केले, त्यामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या माणसे नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेली. गावेच्या गावे जाळली गेली. त्या वेळी संसदेत सू ची यांच्या पक्षाचे निर्विवाद बहुमत होते. घटना बदलणे त्यांच्या हातात नव्हते, सरसेनापतीला काढणे नव्हते, हे सगळे मान्य. पण चौकशीची मागणी करणारा ठराव मांडायला ४९९ मते लागत नाहीत. दोन बातमीदारांनी इन दिन गावात १० रोहिंग्या पुरुषांना मारल्याचा शोध लावला. त्यांना इंग्रजांच्या काळातल्या, १९२३ च्या गोपनीयता कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली. तो कायदा रद्द करायला साधे बहुमत पुरले असते, आणि ते होते. झाले उलटेच. त्या हत्याकांडासाठी शिक्षा झालेले सैनिक वर्षाच्या आत सुटले. बातमीदार त्यांच्यापेक्षा जास्त दिवस तुरुंगात राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये सू ची स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या आणि सैन्यावरील वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध देशाची बाजू त्यांनी मांडली.

एखाद्याला लष्कराला जाब विचारता येत नसेल, तर ती त्याची असहायता समजून घेता येते. लष्कराच्या वतीने जाब द्यायला उभे राहणे ही असहायता नव्हे. काही जण म्हणतात, त्यांनी नाजूक तोल सांभाळला. मला ते मान्य नाही. बहुसंख्य बौद्ध मतदारांच्या मनात रोहिंग्यांविषयी जे होते, त्याच्याशी सैन्याचे म्हणणे जुळले, आणि निवडून आलेल्यांना गप्प बसणे जड गेले नाही. रोहिंग्यांचा मताधिकार २०१५ मध्येच काढून घेतला होता आणि त्या वर्षी निवडून आलेल्या संसदेत एकही मुस्लिम सदस्य नव्हता. ज्यांची घरे जळत होती त्यांच्या वतीने सभागृहात उठणारे कुणी नव्हते. १६६ खुर्च्यांनी जे बंधन घातले त्याहून हे बंधन मला भयंकर वाटते, कारण ते कुठल्याही कलमात लिहिलेले नाही. उरलेल्या ४९८ जणांनी ते आपण होऊन गळ्यात घालून घेतले.

आणि त्या गप्प बसण्याने संसद वाचली का? नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत सू ची यांच्या पक्षाला मतदान झालेल्या ४७६ पैकी ३९६ जागा मिळाल्या, लष्कराच्या पाठिंब्यावरील पक्षाला ३३. नवी संसद १ फेब्रुवारी २०२१ ला भरायची होती. त्याच पहाटे राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट आणि सू ची यांना ताब्यात घेतले गेले. प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा द्या, असे आपल्याला अधिकाऱ्यांनी सांगितले आणि आपण नकार दिला, अशी साक्ष विन म्यिंट यांनी नंतर खटल्यात दिली. तरी काही अडले नाही. लष्करी सदस्यांनी निवडलेला उपराष्ट्राध्यक्ष तयारच होता. त्याने प्रभारी म्हणून आणीबाणी जाहीर केली आणि त्याच घटनेतल्या कलमांचा आधार घेऊन सारी सत्ता सरसेनापती मिन आंग ह्लाइंग यांच्या हाती दिली. २००८ मध्ये कोरलेला एकेक दगड त्या सकाळी आपापल्या खाचेत बसला. लष्कराने घटना मोडली असे आपण म्हणतो. आणीबाणीचे कारण खोटे होते, राष्ट्राध्यक्षाला अडकवून प्रभारी नेमणे बेकायदा होते, हे खरेच. पण ती वाट त्या घटनेतच आखून ठेवलेली होती.

सभागृहात गणवेश दिसला नाही म्हणजे सभागृह मोकळे, असेही नाही. पाकिस्तानच्या संसदेत सैन्याची एकही राखीव खुर्ची नाही. जनरल झिया उल हक यांनी १९८५ मध्ये पक्षांविना निवडणूक घेतली. मार्शल लॉ उठवण्याची किंमत म्हणून त्या संसदेकडून आठवी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. तिच्यामुळे राष्ट्राध्यक्षाला नॅशनल असेंब्ली बरखास्त करता येऊ लागली. झियांनीच निवडलेले पंतप्रधान महंमद खान जुनेजो मवाळ गृहस्थ होते. पण ते जनरलांच्या मोठ्या गाड्या काढून त्यांना सुझुकीत बसवण्याची भाषा करू लागले, आणि एप्रिल १९८८ मध्ये रावळपिंडीजवळच्या ओझडी छावणीतला दारूगोळ्याचा साठा फुटून माणसे मेली तेव्हा त्याची चौकशी त्यांनी लावली. २९ मे १९८८ ला झियांनी सरकार आणि असेंब्ली दोन्ही बरखास्त केली. कारणे अनेक दिली गेली. मला त्यांत चौकशीच दिसते. पुढच्या आठ वर्षांत त्याच कलमाने आणखी तीनदा असेंब्ली घरी गेली. ते कलम शेवटी २०१० मध्ये निघाले, तरी आजवर एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर संसदेने थोड्या दिवसांत २७ वी दुरुस्ती करून फील्ड मार्शलला खटल्यापासून जन्मभराचे संरक्षण दिले. कुणी बंदूक रोखून धरली नव्हती. दोन तृतीयांश हात वर गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी राजीनामे दिले. खासदारांनी मात्र ज्याला जाब विचारायचा, त्यालाच तो जन्मभरासाठी माफ करून टाकला.

मग स्वतंत्र सभागृह दिसते कसे? ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री ते सोलमध्ये दिसले. राष्ट्राध्यक्ष यून सुक योल यांनी साडेदहाच्या सुमारास मार्शल लॉ पुकारला. सैनिक हेलिकॉप्टरने नॅशनल असेंब्लीच्या आवारात उतरले, खिडक्या फोडून आत शिरले. फाटकावर अडवलेले खासदार कुंपणावर चढून आत गेले. सभापती वू वोन शिक हेही त्यांतच. कर्मचाऱ्यांनी दारांना खुर्च्या-टेबले लावली. रात्री एकच्या सुमारास ३०० पैकी १९० सदस्य सभागृहात होते. १९० च्या १९० मतांनी मार्शल लॉ उठवण्याचा ठराव झाला, आणि त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचेही सदस्य होते. सदस्यांना ओढून बाहेर काढण्याचे आदेश आपल्याला मिळाले होते, अशी साक्ष विशेष दलाच्या प्रमुखाने पुढे दिली. ते आदेश पाळले गेले नाहीत. पहाटे साडेचारच्या आसपास मार्शल लॉ मागे घेतला गेला आणि चार महिन्यांनी घटना न्यायालयाने यून यांना पदावरून दूर केले.

कोरियाच्या घटनेत एक छोटे वाक्य आहे: निम्म्याहून अधिक सदस्यांनी मागणी केली तर राष्ट्राध्यक्षाने मार्शल लॉ उठवलाच पाहिजे. त्या रात्री ते वाक्य कामी आले. पण ते कामी येण्याआधी १९८० मध्ये ग्वांगजूमध्ये सैन्याने लोकांना मारले होते, १९८७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून नवी घटना मिळवली होती, आणि ज्यांनी गोळ्या घालायला लावल्या त्या माजी जनरल-राष्ट्राध्यक्षांना नव्वदच्या दशकात न्यायालयाने शिक्षा ठोठावली होती. बंदूक घेऊन आत आलेल्या तरुण शिपायालाही हे ठाऊक होते, की उद्या याचा जाब होईल. तो घुटमळला. त्याच्या त्या घुटमळण्यात कोरियाची सगळी लोकशाही उभी होती, असे मला वाटते. म्यानमारच्या शिपायाला घुटमळायचे काही कारणच कुणी दिले नव्हते. १९६२ पासून त्याच्या वरिष्ठांपैकी एकालाही सत्ता बळकावल्याबद्दल कुणी कोर्टात उभे केले नव्हते, आणि २००८ च्या घटनेने तर मागच्या राजवटीच्या कृत्यांना कायमची माफी देऊन टाकली होती.

आपल्याकडे सैन्य छावणीत राहते आणि सभागृह सैन्याला भीत नाही. ही लहान मिळकत नाही. आपल्याबरोबर स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांच्या वाट्याला ती आली नाही. म्हणूनच दोन गोष्टी मला खटकतात. गोखले ज्या मतासाठी तळमळले ते मत आज लोकसभेला आहे, आणि अनेक वर्षी संरक्षण खात्याच्या मागण्या चर्चेशिवाय, एका आवाजी मतदानात, इतर मागण्यांच्या गठ्ठ्याबरोबर संमत होतात. दुसरी गोष्ट नागालँडची. ४ डिसेंबर २०२१ ला मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांवर सैन्याच्या तुकडीने चुकीने गोळीबार केला. त्यात आणि त्यानंतरच्या गोंधळात १४ नागरिक गेले. २० डिसेंबरला नागालँड विधानसभेने सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा मागे घ्यावा असा एकमताने ठराव केला. केंद्राने पुढे त्या कायद्याखालचे काही भाग कमी केले, पण कायदा आहे तिथेच आहे, आणि सैनिकांवर खटला भरायला केंद्राची परवानगी लागते ही अटही. एकमताने बोललेल्या विधानसभेला आपल्याच माणसांच्या मृत्यूचा जाब घेता येऊ नये, हे मला सहन होत नाही, मग त्या राज्यात निवडणुका कितीही नियमित होवोत.

म्यानमारमध्ये लष्कराने डिसेंबर २०२५ पासून पुन्हा टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली. सू ची यांचा पक्ष त्याआधीच, २०२३ मध्ये, विसर्जित करून टाकलेला. देशाच्या मोठ्या भागात युद्ध चालू. आता कुणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पुन्हा शिरा, पुन्हा हळूहळू. २०१२ मध्ये शिरणे बरोबर होते असे मी आजही म्हणतो, कारण त्या लोकांनी आत जाऊन लोकांना बोलायची सवय लावली आणि ती सवयच २०२१ मध्ये रस्त्यावर उतरली. पण या वेळी जे सभागृह उभे केले जात आहे, त्याच्या दाराबाहेरच लोकांचे प्रतिनिधी थांबवलेले आहेत. त्याला संसद म्हणून मान्यता देण्याची घाई शेजाऱ्यांनी, आणि विशेषतः दिल्लीने, करू नये.

१ फेब्रुवारी २०२१ ला शपथ घ्यायला नेपिडॉत जमलेल्या शेकडो खासदारांना त्यांच्या सरकारी अतिथिगृहातच कोंडले होते. बाहेर सैनिक होते. तीन दिवसांनी, सोडण्यापूर्वीच, त्यांतल्या काहींनी तिथल्या तिथे शपथ घेतली. २०१२ मध्ये नेपिडॉतली, सैनिकांच्या वस्तीतली एक जागा जिंकणारा फ्यो झेया थॉ हा हिपहॉप गायक २०१५ मध्ये पुन्हा खासदार झाला होता. सत्तापालटानंतर तो भूमिगत प्रतिकारात गेला, पकडला गेला, आणि लष्करी न्यायासनाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली. जुलै २०२२ मध्ये ती आणखी तिघांसह अमलात आणली गेली. त्या देशात कित्येक दशकांत कुणाला फाशी दिलेली नव्हती. घरच्यांना मृतदेह दिला नाही.